समास सोडून

तळोधीच्या भातगिरणीत
एक निळा पडदा अजून उजळतो सकाळी नऊला.
सत्त्याण्णव साली मी तो लिहिला,
फॉक्सप्रोमध्ये, कोंड्याच्या धुळीत
की-बोर्ड पुसत पुसत.
आवक, ओलावा, कपात, उतारा, कणी,
आणि शेवटी हमाली.
आजवर एका पैशानं चुकला नाही.
दोन हजार साल लागताना चुकणार होता,
तेव्हा त्या थंडीत लुनावर अकरा गिरण्या फिरलो,
दोन आकड्यांचे चार करत.

अकरातल्या आता तीन उरल्या.
म्हणजे गिरण्या अकराही आहेत,
माझा पडदा तीन ठिकाणी.

परवा गड्डमवारांच्या धाकट्यानं नवी सॉर्टेक्स दाखवली.
कॅमेरा एकेक दाणा बघतो,
काळा दिसला की फुंकर मारून बाहेर.
"काका, आता हिशेबपण मोबाइलवर पायजे.
तुमच्यानं होईन का, का नागपूरवाल्याले सांगू?"
चहा ओतता ओतता विचारलं त्यानं.
मी म्हटलं, आठ दिवस दे.

उरकुडाजी दिवाणजी तिथंच बसले होते,
मोतीबिंदूनंतरचा हिरवा चष्मा लावून.
"एफ-फाईव्ह म्हंजे पावती, एफ-सेव्हन म्हंजे बाकी.
माया बोटाईले पाठ हाय जी.
डोरे गेले तरी चालते. नवीन कायले?"

रात्री आठवलं,
फॉक्सप्रोत नोंद खोडली तरी जात नाही.
नुसती एक चांदणी लागते तिच्यासमोर.
यादीत दिसत नाही, फायलीत असते,
कोणी 'पॅक' म्हणेपर्यंत.
'रिकॉल' म्हटलं तर परतही येते.
बावन्नाव्या वर्षी माझं नेमकं काय झालंय
ते मी पासबुकात बघितलं.

वनमाला म्हणाली,
"शिकाचं असन त शिका.
पन मयतीले चालल्यासारखं तोंड करून नोका शिकू."

सेतू केंद्रातला तेजराम वीस वर्षांचा.
त्यानं पायथनचा पहिला धडा दिला.
सवयीनं मी खाली लिहिलं, एंड-इफ.
लाल रेघ.
"सर, हिच्यात बंद नाही करा लागत.
समास सोडाचा. आत सरकलं का आत,
बाहेर आलं का बाहेर."

अठ्ठावीस वर्षं
उघडलेलं प्रत्येक दार मी हातानं लावत आलो.
इफला एंड-इफ, डूला एंड-डू.
दुकानाचं कुलूप दोनदा ओढून बघणारा माणूस मी,
आणि ही बाई म्हणते
कोऱ्या जागेवर भरवसा ठेव.

चौथीत मेश्राम गुरुजी
पानाची घडी घालून समास पाडायला लावत.
मी घडीच्या बाहेर लिहायचो,
वही महाग होती.
छडीही खायचो त्यासाठी.

ठरवलं काय, विचाराल,
तर आठातले दोन दिवस बाकी आहेत.
एवढंच केलंय की
ओलाव्याची कपात नव्या भाषेत लिहिली
आणि मागच्या हंगामाच्या पावत्या तिला दिल्या.
उत्तर जुळलं नाही.
एकोणीस किलोचा फरक.

तीनदा तपासलं. मग सापडलं.
बरोबर अर्धा किलो आला
की माझा निळा पडदा नेहमी वर ढकलतो.
ही थांबते, शेजारचा आकडा बघते,
कधी वर जाते, कधी खाली.

म्हणजे कपातीतला अर्धा
अठ्ठावीस वर्षं एकाच बाजूला पडत गेला,
अकरा गिरण्यांत,
आणि उरकुडाजींच्या बोटांना तो पाठ आहे.

वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी चाळीस टक्के.
वनमालानं आतून विचारलं, झोपाचं नाही का?
आलोच, म्हटलं,
आणि अठ्ठ्याण्णवच्या पावत्या शोधायला
पलंगाखालची पेटी ओढली.